पाणमांजराचं चुकलंच

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, तलावावरच्या गोड आठवणी लिहा." पोहायच्या तलावात क्लोरीन असतं, गोड काही नसतं, हे त्यांना कोण सांगणार. शिवाय मी सध्या चिडलेली आहे, आणि चिडलेलं माणूस गोड लिहायला बसलं की खोटं लिहितं. तेव्हा जे मनात आहे तेच लिहिते. माझा राग एका पाणमांजरावर आहे. खऱ्या पाणमांजरांबद्दल माझी काही तक्रार नाही, ती बिचारी शहाणी असतात. हे सिनेमातलं आहे.

आधी माझं सांगते. मी मूळची मुरुडची. लग्न होऊन नांदेडला आले आणि बायकांना, मुलींना पोहायला शिकवण्यात माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे, पण उन्हाळी शिबिर आलं की बोलावणं येतं आणि मी पोहायचा पोशाख पिशवीत कोंबून निघते. बायकांच्या वेळेला खोल बाजूला रुखसाना उभी असते, हातात लांब बांबू घेऊन. ती जीवरक्षक आहे. बुडणाऱ्याला आधी बांबू द्यायचा, हात नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल.

मागच्या उन्हाळ्यात शिबिर भरवणाऱ्यांना वाटलं, मुलांना प्रेरणा मिळाली पाहिजे. प्रेरणा म्हणजे हल्ली सिनेमा. शेजारच्या सभागृहात पडदा लावून त्यांनी सगळ्या पोरांना एक ॲनिमेशनचा सिनेमा दाखवला. सहकुटुंब बघण्यासारखा आहे म्हणाले. मी मागच्या रांगेत बसले होते.

टिबू नावाचं पाणमांजराचं पिल्लू असतं आणि त्याला पाण्याची भीती वाटते. इथंच माझी मान हलली, पण म्हटलं, असेल बापडं. एक म्हातारं कासव त्याला पोहायला शिकवत असतं. पाठीला वाळका पोकळ भोपळा बांधून, उथळ पाण्यात, रोज थोडं थोडं. कासवाचं सगळं बरोबर होतं. श्वास पाण्यात सोडायचा, घ्यायचा बाहेर. गुडघ्यातून नाही, मांडीतून पाय मारायचे. मला ते कासव आपल्यातलं वाटलं. पण सिनेमावाल्यांनी त्याला जाड भिंगाचा चष्मा घातला होता. ते वाक्यावाक्याला शिंकायचं, त्याच्या डोक्यावर बेडूक येऊन बसायचा, आणि ते "हळू, हळू" म्हणालं की अख्खं सभागृह हसायचं. मुलींना हसताना बघून मी चुळबुळ करायला लागले.

मग नायकसाहेबांचा पराक्रम सुरू झाला. आईनं सांगितलेलं असतं, नदीला पूर आहे, जाऊ नको. हा जातो. कुणाला सांगून जात नाही. वाटेत भेटलेल्या पहिल्याच कोल्ह्याला मात्र सगळा बेत सांगतो. त्याची मैत्रीण पाण्यात पडते. काठावर हा एवढा जाड वेल लोंबतोय, पडद्यावर चांगला दिसतोय, तो फेकावा की नाही? तिकडं बघतसुद्धा नाही. कुणाला हाक मारत नाही. धबधब्याच्या टोकावर जाऊन उभा राहतो. ढगात त्याचा मेलेला आजा दिसतो आणि म्हणतो, पोहणं पाठीवर नसतं बाळा, ते तुझ्या मनात असतं. झालं. टिबू भोपळा सोडतो, भिरकावून देतो, डोळे मिटतो, गाणं लागतं, उडी. आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याला पोहायला येतं. मैत्रीण त्याच्या गळ्याला मिठी मारते आणि दोघं हसत हसत बाहेर येतात.

माझ्या गळ्याला बुडणाऱ्या बाईनं मिठी मारलेली आहे. हसायला येत नाही. बुडणारं माणूस आपल्याला शिडी समजतं आणि आपल्या डोक्यावर चढून वर जायला बघतं, मग ते आपलं कितीही लाडकं असो. पण ते जाऊ द्या. मला खरा झोंबला तो शेवट. शेवटी कासव चष्मा पुसत टिबूपुढं मान खाली घालतं आणि म्हणतं, माझंच चुकलं, आज तू मला शिकवलंस. सभागृहात टाळ्या पडल्या. मी कासवाच्या वतीनं तिथंच उठून बोलणार होते, पण व्यवस्थापकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बसून राहिले.

त्यानंतर मी घरी नातवंडांबरोबर असले सिनेमे मुद्दाम बघितले. सगळे नायक एका शाळेतले. एक खार आईला न सांगता धरण बघायला जाते. एक राजपुत्र जादूची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देऊन अंघोळीला जातो. एका पोराला घरी फक्त एक वाक्य सांगायचं असतं, ते सांगितलं असतं तर सिनेमा पहिल्या पाच मिनिटांत संपला असता. तो सांगत नाही, गाव बुडायची वेळ येते, आणि शेवटी गाव त्याचाच सत्कार करतं. जो "थांब" म्हणतो तो एकतर दुष्ट असतो नाहीतर लठ्ठ आणि विनोदी. माझी सून म्हणते, "आई, सिनेमा आहे तो, किती मनावर घेता." मनावर का घेते ते सांगते.

लोह्याकडच्या एका गावात शेततळं आहे. हल्ली ते खणून आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्यावर पाय ठरत नाही. माणूस आत घसरला की काठ हाताला लागतो पण पकड मिळत नाही. तिथं एक पोरगा घसरला आणि त्याचा जिवलग मित्र त्याच्यामागं उडी मारून गेला. दोघंही गेले. काठावर बैलाचा कासरा पडलेला होता. पुढं त्या गावच्या शाळेनं मला बोलावलं, पोरांना चार गोष्टी सांगा म्हणून. मी पोरांना मैदानात उभं केलं आणि फक्त कासरा फेकायला शिकवलं. दुसरं काही शिकवलं नाही. गावात त्या मित्राचं नाव शूर म्हणून घेत होते. मला त्याच्या आईचं तोंड बघवेना. त्यानं सिनेमा बघून उडी मारली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण कासरा फेकणाऱ्याला शूर म्हणणारा सिनेमा मी अजून बघितलेला नाही, आणि याचा मला संताप येतो.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी मुरुडला चुलत्याच्या विहिरीत शिकले. पाठीला तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचे. त्या डब्याचा सांधा गळका निघाला. मी मजेत विहिरीत गरागरा फिरत होते आणि डबा हळूहळू पाण्यानं भरत होता. वर आले तेव्हा चुलत्यानं डबा उपडा केला, भदाभदा पाणी पडलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आगं, ही तर कवाचीच आपली आपण पोहून राहिली." तो गळका डबा हाच माझा सगळा धंदा आहे.

तलावावर आम्ही तेलाचे पाच लिटरचे प्लॅस्टिकचे डबे वापरतो. त्यांना मी जुन्या कापडाची खोळ शिवते. दोरी काचू नये म्हणून, असं मुलींना सांगते. खरं कारण वेगळं आहे. पहिले काही दिवस डबा रिकामा. मग मी त्यात तांब्याभर पाणी घालते. पुढं आणखी तांब्याभर. मुलीला सांगायचं नाही. डबा मुलगी पाण्यात उतरल्यावरच बांधायचा आणि पाण्यातच सोडायचा, म्हणजे वजन कळत नाही. डबा तिला रोज थोडं कमी धरतो आणि ती स्वतःला रोज थोडं जास्त धरते. एक दिवस डबा काठोकाठ भरतो. त्या दिवशी तो तिला धरत नसतो. मी हातभर अंतरावर असते, पण माझे हात रिकामे असतात. बास, एवढंच आहे. यात कुठं आजा दिसत नाही आणि गाणं लागत नाही.

आमच्या शिबिरात ईश्वरी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील शिवराजअप्पा, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत आहे, मूळचे उदगीरचे. मुलगी शांत, नीटनेटकी. तिच्या चपला कधी वाकड्या पडलेल्या दिसायच्या नाहीत. तिचा डबा निम्म्यावर आला होता आणि पाय छान चालायला लागले होते. आणि मग तो सिनेमा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उथळ बाजूला मुलींना डबे बांधत होते. खोल बाजूला धप्प आवाज आला. मी वळेपर्यंत रुखसाना काठावर आडवी पडून बांबू पुढं सारत होती. "बांबू धर, ईश्वरी. बांबूच धर. मी हाय ना, धर." ईश्वरीनं धरला. वर घेतलं, पालथी करून पाठ चोळली, खोकली, ओकली, श्वास नीट सुरू झाला. काठावर तिचा डबा ठेवलेला होता, त्यात त्या दिवशीचं पाणी मी अजून घातलं नव्हतं. चपलांशेजारी, अगदी सरळ. टिबूसारखा भिरकावला नव्हता, तेवढं तिला जमलं नव्हतं.

ती रडत नव्हती. टॉवेलात गुंडाळून मी तिला मांडीवर घेतलं तर ती विचार करत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी डोळे मिटले होते. मनात सगळं म्हणलं बी. तरी न्हाई झालं." आणि जरा थांबून, "मह्या मनात ते नाहीच वाटतं."

लोक म्हणतात, पोरांना असल्या सिनेमांतून आत्मविश्वास मिळतो. या आत्मविश्वासाचं लोणचं घाला. चांगली शिकत असलेली पोर, जिचे पाय मी रोज पाण्यात हलताना बघत होते, ती एका रात्रीत या निकालाला आली की आपल्यात मूळचंच काही कमी आहे. कारण तिला कुणीतरी सांगितलं, पोहणं शिकायचं नसतं, ते आत असतं, आणि ज्यांच्यात असतं त्यांना ते एका उडीत सापडतं. तिनं उडी मारून बघितली आणि सापडलं नाही. आता ती काय समजणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि समोर भांडायला कुणी नव्हतं. पाणमांजराशी कसं भांडणार.

शिवराजअप्पा आले. कपाळावर विभूती, पांढरे कपडे, चेहरा उतरलेला. अशाही वेळी "शरणार्थ मॅडम" असा लिंगायती नमस्कार करायचं ते विसरले नाहीत. मीही "शरणार्थ" म्हणाले. मग ते म्हणाले, "आता बस झालं. पोरीला घेऊन चाललो."

"अप्पा, तिला पोहायला येऊन राहिलंय. आत्ता नेलं तर ती जन्मभर पाण्याजवळ जाणार न्हाई."

"न जाऊ दे. तिच्यात ती हिंमतच न्हाई, मॅडम. आमाला आमच्या बापानं कासरा बांधून हिरीत सोडलं. दोन डाव नाकातोंडात पाणी गेलं, तिसऱ्या डावाला आलं. हे अंगातच असावं लागतं."

ईश्वरी शेजारी उभी राहून ऐकत होती. सिनेमातला आजा आणि घरचा बाप, दोघं एकच बोलत होते. तेव्हा मात्र मला भांडायला माणूस मिळालं. मी म्हणाले, "अप्पा, तुम्हाला हिंमतीनं न्हाई आलं. कासऱ्यानं आलं. कासरा नसता तर दुसऱ्या डावालाच तुमची गोष्ट संपली असती. तुमचा बाप वर कासरा धरून उभा होता, त्याचं नाव घेत न्हाई आणि हिंमतीचं घेता."

असं त्यांच्याशी मोंढ्यात कुणी बोलत नसावं. मग पोरीकडं बघत म्हणाले, "शिबिर संपेस्तोवर येऊ दे. पण डबा सोडायचा न्हाई. शेवटच्या दिवसालासुद्धा न्हाई. शब्द द्या."

"दिला," मी म्हणाले. रुखसाना पाठ फिरवून खोकली. तिला माझे डबे ठाऊक होते.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. ईश्वरी काठाचा पाइप सोडेना. रोज विचारायची, "डबा घट्ट बांधला ना?" मी म्हणायचे, "घट्ट." पुन्हा डबा रिकामा करून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी पाइपला धरून पाय. मग माझा हात धरून. मग माझं बोट. खोळीच्या आत पाणी चढत होतं आणि ती मला सांगायची, "मॅडम, डबा आहे म्हणून मला भ्या वाटत नाही." मी म्हणायचे, "बरोबर आहे." एका सकाळी डबा भरला. ती तलावाच्या रुंदीत निम्म्यापर्यंत गेली आणि परत आली. रुखसाना पलीकडून माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली, सांगायचं नाही. आपल्या आत काही नाही, असं तिच्या डोक्यात बसलेलं होतं. ते एका दिवसाच्या पोहण्यानं निघणार नव्हतं. मला तिच्या खात्यावर असे पुष्कळ दिवस जमा झालेले हवे होते.

शेवटच्या दिवशी आई-वडील बघायला येतात. एकेक मूल या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि लोक टाळ्या वाजवतात. बाकीच्या मुलींचे डबे सुटलेले होते. ईश्वरीच्या पाठीवर खोळ घातलेला डबा तसाच होता. पायऱ्यांवर बसलेल्या कुणीतरी विचारलं असावं, कारण शिवराजअप्पांचा आवाज आला, "आमची डब्यावर हाय अजून." तो आवाज तिलाही ऐकू गेला. मला वाटलं, आता ही परत फिरते. ती फिरली नाही. मी बाजूनं चालत होते, पाणी माझ्या छातीपासून गळ्याशी आलं, मग मीही पोहायला लागले. ती गेली. मध्ये एकदा थांबून तिनं पाणी तुडवलं, तोंड पुसलं आणि पुन्हा निघाली. त्या टोकाला जाऊन तिनं शिडी धरली.

मी डबा सोडायला पोचायच्या आत ती शिडी चढायला लागली. पाण्याबाहेर आली तशी मागं ओढली गेली. पाच लिटर पाणी पाठीवर, पोरीचं वजन ते किती. शिवराजअप्पा कपड्यांसकट खाली धावले, तिला दंडाला धरून वर घेतलं आणि डबा उचलायला त्याच्याखाली हात घातला. वजनानं हात खाली गेला. त्यांनी खोळ वर सारली, झाकण फिरवलं, डबा कलता केला. पाणी त्यांच्या चपलांवर पडायला लागलं.

"मॅडम, ह्याच्यात पाणी हाय."

"हाव."

"कवापासून?"

"लई दिवस झाले, अप्पा. डबा काही सोडला न्हाई मी. शब्द दिला होता."

ते डबा उपडा धरून तसेच उभे राहिले. ईश्वरी आधी डब्याकडं बघत होती, मग माझ्याकडं. "मग मला कोण धरून होतं?"

"कुणीच न्हाई," मी म्हणाले.

मला वाटलं आता ही हसेल नाहीतर रडेल. ती चिडली. चांगली लालबुंद झाली. "मग एवढे दिवस मी हे उगंच वागवलं? मला सांगितलं का न्हाई?" माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. रुखसानाबरोबर मी निरोपावर निरोप धाडले तेव्हा कुठं राग गेला. मी तिची समजूत काढली, पण खरं सांगायचं तर तिचा तो राग मला फार आवडला. आपल्यात काही नाही असं वाटणारं पोर असं चिडत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी शिबिर भरवणाऱ्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी सिनेमा नको. ते म्हणाले, "मॅडम, मुलांना आवडतो हो." तेव्हा माझा राग होता तिथंच आहे.

गेल्या महिन्यात शिवराजअप्पांचा फोन आला. "शरणार्थ मॅडम. तुमची तक्रार करायची होती." त्या सिनेमाचा दुसरा भाग आलाय म्हणे, आणि पोरीच्या हट्टापायी सगळं घर बघायला गेलं होतं. या खेपेला टिबूची धाकटी बहीण. तोच पूर, तोच धबधबा, पाण्यात तसंच कुणीतरी पडलेलं, पाठीला तोच भोपळा. ती भोपळ्याची गाठ सोडायला लागली तशी ईश्वरी अंधारात खुर्चीवर उभी राहिली आणि ओरडली, "अगं येडे, सोडू नको. आधी त्यात पाणी भर."

"लोकं वळून वळून बघून राहिले," अप्पा म्हणाले. "मला लई शरमल्यावानी झालं."

"मग तुम्ही काय केलं? बसवलं तिला खाली?"

"कुठलं बसवतो," ते म्हणाले. "काठावर एवढा मोठा वेल लोंबत होता, मॅडम. त्या टिबूच्या बहिणीला तो दिसंचना. मग मी बी उठून वरडलो."